गोदाकाठचे पर्यावरणसंवर्धन : अंबड ते नांदूरमध्यमेश्वर

पांडवलेण्यांच्या डोंगराजवळचे अंबड आज नाशिकची औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. सातपूर-अंबडच्या बाजूने वाहत येणारी नंदिनी (नासर्डी) टाकळीला गोदावरीला मिळते. हा संगम समर्थ रामदासांच्या तपश्चर्येसाठी प्रसिद्ध आहे. पुढे निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा लागतो. अंबडचे सांडपाणी आणि नांदूरचे पक्षी यांचा इतिहास म्हणूनच वेगवेगळा सांगता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा बंधारा बांधला गेला तो सिंचनासाठी. पक्ष्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता. वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, बेटे वर आली, पाणवनस्पती माजल्या. साठवण घटणे हे पाटबंधाऱ्याचे नुकसानच. बदकांना, करकोच्यांना मात्र तिथेच चारा आणि आसरा मिळाला. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पुढे 2019 च्या नोंदीनुसार ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. जानेवारी 2020 मध्ये घोषित झालेला हा मान राज्यात पहिलाच. येथे 265 पक्षिजातींची नोंद आहे. अतिसंकटग्रस्त ‘देवळाली मिनो’ या छोट्या माशाचेही नाव रामसर नोंदीत आहे. नाशिकजवळच्या देवळालीवरून ओळखल्या जाणाऱ्या या माशाचे शास्त्रीय वर्णन 1938 मध्ये झाले. पक्ष्यांच्या गर्दीत त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

जिल्ह्यात इतरत्रही काम झाले. गिधाडांसाठी महत्त्वाचा बोरगड 2008 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. काळविटांचे ममदापूर आणि दुर्मीळ वनस्पतींचे अंजनेरी यांनाही नंतर तोच दर्जा मिळाला.

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने केंद्राच्या आधी पाऊल उचलले होते. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1969 चा, त्याखालील जलप्रदूषण प्रतिबंधक मंडळाची स्थापना 1970 ची. केंद्रीय कायदा आला 1974 मध्ये. तरीही गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. दोष एकट्या कारखान्यांचा नाही, घरगुती मैलापाणीही तितकेच जबाबदार आहे. त्यातील नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते. ती यंत्राने काढून पात्र मोकळे केले, तरी वरून तेच पाणी येत राहिल्यास पुन्हा पसरते. अभयारण्याची हद्द मात्र निफाड-सिन्नरच्या बाजूलाच संपते. अंबडच्या नाल्यांवर वनखात्याचा अधिकार चालत नाही.