दाढीमागे बोटं

आधी नाक सांभाळा. पायाखाली फळ्यांचा रस्ता आहे, फळ्यांखाली चिखल, आणि त्या चिखलात काय काय मिसळलंय ते विचारू नका. हेरिंग माशांची आतडी, डुकरांची घाण आणि हरणांच्या शिंगांच्या फण्या करणाऱ्यांकडून येणारा जळक्या केसांसारखा दर्प. आलात तुम्ही हेडेबीला, व्हायकिंगांच्या बंदरात. राजा कोण, लढाई कुणाशी, ते सोडा. इथं कुणाला फुरसत नाही. समोरच्या बाप्याच्या डोळ्यांत काजळ आहे, टक लावून बघू नका. अंदलुसहून आलेल्या अल तर्तूशी या प्रवाशानंही ते टिपून ठेवलं, आणि इथल्या गाण्याला कुत्र्यांच्या आवाजाची उपमा दिली. पलीकडून ऐकू येतंय ना, ते गाणंच आहे.

लोहाराच्या झोपडीत वाकून शिरा. पोरगा भाता ओढतोय, तुमच्या भुवया होरपळायला लागल्यात. दलदलीतल्या खनिजाचं हे लोखंड मऊ, पोलाद महाग. म्हणून कुऱ्हाडीचं अंग लोखंडाचं, धारेपुरती पोलादाची पट्टी. लोखंडाचा पट्टा नेढ्यासाठी जागा ठेवून दुमडला, दोन टोकांत पोलाद सरकवलं, पांढराशुभ्र होईतो तापवलं आणि घण पडला. ठिणग्या तुमच्या मनगटावर! मग धारेला पाणी पाजताना असा चर्रर्र आवाज येतो की तुम्ही दारातच जाता.

बरं झालं, सुतार बाहेरच बसलाय. त्याच्या पेटीत डोकावा. अशीच एक पेटी १९३६ मध्ये गोटलंड बेटावर नांगराला अडकून वर आली. तीत कुऱ्हाडी होत्या, वाकसा होत्या, करवतीसुद्धा. पण जहाजाच्या फळ्या करवतीनं कापत नाहीत. ओकचा ओला बुंधा पाचरी ठोकून फोडायचा, कलिंगडाच्या फोडी काढाव्यात तसा, आणि मग तासायचा. तासायचा म्हणजे दिवसभर. खाडीकाठी ठक-ठक, डांबराचा धूर, ढलप्यांचा घोट्याएवढा थर, घामानं भिजलेले उघडे खांदे.

म्हातारा सुतार तुमच्या हातात छोटी कुऱ्हाड देतो. पातं खाली लांब उतरलेलं. त्या भागाला दाढी म्हणतात. तुम्ही दांडा शेवटाशी धरता, अर्थात. तो हसतो, तुमची मूठ सरकवत थेट दाढीमागे आणतो. धार बोटांच्या इतकी जवळ! पण वजन तळव्यात आलं आणि कुऱ्हाड एकदम सुरीसारखी वळायला लागली. हौसेनं घेतलेली याच घाटाची घडीव कुऱ्हाड घरी असेल, तर तिची दाढी नुसती रुबाबाची नाही हे आता मनगटाला कळलं. लढाईच्या कथांनी या हत्याराचं नाव उगाच बद्दू केलंय. बहुतेक कुऱ्हाडींनी लाकडापलीकडे काही पाहिलं नसेल.

आता तिनंच पळी करायचीय. बर्चचा ओला ठोकळा ओंडक्यावर उभा धरा, खालून वर तासत या. अंगठा आवरा! गोडसर वास, तोंडावर उडालेला रस, तळव्यात शिरलेली कूस. बाहेरचा आकार जमला. पोटाची खोली कोरायला वाकडी सुरी लागेल.

म्हातारा तुमची पळी उचलून डोळ्यांजवळ नेतो, एका बाजूनं चपटी झालेली. सरपणात फेकतो आणि पुढचा ठोकळा पायानं तुमच्याकडे ढकलतो.