बेटावरचं लग्न: कायद्याने पक्कं कसं करावं?

हल्ली नातवंडं म्हणतात, "आजी, लग्न सेशेल्सला, समुद्राकाठी!" आपण खूश होतो, पण मनात शंका येते: हे लग्न इस्राएलमध्ये चालेल का? चालेल, पण कागद नीट असले तरच.

कागदाची किंमत आपल्या समाजाला सांगायला नको. १९६२ साली रब्बानूतने बेने इस्राएल मंडळींच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. समाज रस्त्यावर उतरला आणि १९६४ मध्ये तो आदेश बदलावा लागला. त्या दिवसांची आठवण अजून अनेकांना आहे.

परदेशातलं लग्न इथे कसं धरतात

इस्राएलमध्ये सिव्हिल लग्न होत नाही. ज्यूंचं लग्न इथे रब्बानूतमार्फतच होतं. मात्र १९६३ साली सुप्रीम कोर्टाने फुंक-श्लेझिंगर खटल्यात ठरवलं की, परदेशात तिथल्या कायद्याप्रमाणे लग्न झालं असेल तर मिसराद हपनीमने त्याची नोंद केली पाहिजे. ते लग्न सायप्रसमध्ये झालं होतं. सेशेल्सलाही हाच नियम लागू होतो.

सेशेल्समध्ये काय लागतं

सेशेल्स हा हिंदी महासागरातला, विषुववृत्ताजवळचा शंभरावर बेटांचा देश. राजधानी व्हिक्टोरिया, माहे बेटावर. तिथे लग्न सरकारी सिव्हिल स्टेटस ऑफिसचा अधिकारी लावतो. तो हॉटेलवर किंवा किनाऱ्यावरही येतो. साधा नियम अकरा दिवस मुक्कामाचा आहे, पण खास परवाना घेतला तर दोन दिवसांतही काम होतं.

दोघांनी हे कागद तयार ठेवावेत:
- पासपोर्ट
- जन्माचा दाखला
- आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा किंवा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला
- नाव बदललं असेल तर त्याचा कागद

कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये हवेत, हिब्रू असतील तर नोटरीकडून भाषांतर करून घ्यावं. दोन साक्षीदारही लागतात. कोणते कागद मूळ लागतील, कोणत्यांवर अपोस्टिलचा शिक्का हवा आणि ते किती आधी पाठवायचे, हे त्या ऑफिसकडून लेखी मागून घ्यावं. हॉटेलचे पैसे त्यानंतरच भरावेत.

अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून मारलेला शिक्का. इस्राएलच्या सरकारी दाखल्यांवर तो परराष्ट्र मंत्रालय देतं, तर नोटरीच्या कागदांवर कोर्टात मिळतो. कोणाचा जन्म भारतात झाला असेल, तर त्या दाखल्यावर भारत सरकारचा शिक्का घ्यावा लागतो.

इथे फसगत होते

हॉटेलवाले "सिम्बॉलिक वेडिंग"चं पॅकेज विकतात. फुलं, केक, फोटो, सगळं असतं, पण सरकारी रजिस्टरवर सही नसते. असं लग्न कायद्याने लग्नच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: "सरकारी अधिकारी येणार का? सर्टिफिकेट मिळणार का?"

लग्नानंतर मूळ सर्टिफिकेटवर सेशेल्सचं अपोस्टिल घ्यायला विसरू नका. ते हातात पडायला काही दिवस लागू शकतात, म्हणून परत निघण्याआधीच त्याची व्यवस्था करा. घरी आल्यावर ते मिसराद हपनीममध्ये दाखवून दोघांच्या तेउदात झेहुतवर नोंद करून घ्या.

हुप्पाचं काय?

सिव्हिल नोंद आणि धार्मिक विधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावर नुसता हुप्पा उभारला आणि सरकारी नोंद केली नाही, तर मिसराद हपनीमपुढे दाखवायला काहीच राहत नाही.

रब्बानूतचं लग्न हवं असेल तर सोपा मार्ग हा: आधी इथेच रब्बानूतमध्ये नोंद करून हुप्पा आणि कतुबा करावा, मग बेटावर फक्त आनंदसोहळा. तिथल्या सरकारी कागदांची गरजच उरत नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट समजावून सांगा. दोघं ज्यू असतील, तर लग्न परदेशात सिव्हिल पद्धतीने झालेलं असलं तरी इस्राएलमध्ये घटस्फोटासाठी रब्बानी कोर्टातच जावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये हे मान्य केलं आहे.

जाता जाता

तारीख ठरवताना शब्बाथ, ओमेरचे दिवस आणि तिशा बाव आधीचे तीन आठवडे पाहून घ्या. तिथली सरकारी ऑफिसं शनिवार-रविवार बंद असतात आणि आपली शुक्रवार-शनिवार, हेही लक्षात असू द्या. मे ते ऑक्टोबर पाऊस कमी, पण वारा जोरात आणि समुद्र खवळलेला. वयस्कर मंडळींनी बोटीने दुसऱ्या बेटावर जाण्यापेक्षा माहेवरच राहिलेलं बरं.

मेंदी घरी करून निघा. मलिद्यासाठी नारळ तिथे हवे तेवढे मिळतील, पोहे मात्र इथूनच न्या. आणि कागदांची फाईल सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

माझाल तोव!