गोव्यातली ‘रोयणीची अळमी’ येतात कुठून? आणि ती कमी होण्याची भीती का आहे?

कबनूर-इचलकरंजीकडं शेताच्या बांधावर वारूळ दिसलं की आधी साप आठवतो. नागपंचमीला वारुळाची पूजाही होते. पण वारूळ साप बांधत नाही. ते घर असतं वाळवीचं. साप तिथं फार तर आयत्या बिळात येऊन राहतो.

गोव्यात मात्र याच दिवसांत लोक वारुळाकडं वेगळ्याच आशेनं बघतात. तिथं वारुळाला म्हणतात रोयण, आणि जोराचा पाऊस पडून गेला की रोयणीवर उगवते ती रोयणीची अळमी. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेल्या अळमींचे वाटे विकायला असतात. त्या महाग असतात, तरी गाड्या थांबतात. अळमीचं शागोती किंवा तोंडाक केल्याशिवाय अनेक घरांत पावसाळा झाल्यासारखा वाटत नाही.

या अळमीवर संशोधन करणारं गोव्यातलं ठळक नाव म्हणजे डॉ. नंदकुमार कामत. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात त्यांनी शिकवलं आणि संशोधन केलं. जंगलातली अळमी ओरबाडू नका, वारुळं वाचवा, हे ते अनेक वर्षं लेखांतून सांगत आले आहेत. खवय्यांना ते फारसं रुचणारं नाही. पण त्यांचा मुद्दा कळायला आधी वारुळाच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

वाळवी शेती करते

या अळंबीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस, म्हणजे सरळ अर्थानं ‘वाळवीची बुरशी’. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली हे नाव दिलं.

कामकरी वाळवी वाळकी पानं, काटक्या, मेलेलं लाकूड घरात आणते. पण लाकडातला लिग्निन हा चिवट भाग तिला नीट पचत नाही. मग ती हा माल एकदा खाते आणि अर्धवट पचलेली विष्ठा वारुळाच्या आतल्या कप्प्यांत रचत जाते. त्याचा मधाच्या पोळ्यासारखा, तपकिरी, भुसभुशीत गोळा तयार होतो. त्यावर ही बुरशी वाढते. ती लिग्निन फोडते, आणि तयार झालेलं मऊ, सकस अन्न वाळवी पुन्हा खाते. थोडक्यात, वाळवीनं आपलं अर्धं पोट शरीराबाहेर ठेवलं आहे.

बुरशीलाही यात तोटा नाही. तिला आयतं खाद्य मिळतं, वारुळातली उबदार दमट हवा मिळते, आणि तण काढणाराही मिळतो. झायलेरिया नावाची दुसरी बुरशी त्याच गोळ्यात दडलेली असते आणि वाळवी तिला डोकं वर काढू देत नाही. वसाहत मेली की थोड्याच दिवसांत सगळीकडं झायलेरिया माजते. माणसाच्या शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं जुनी आहे आणि तिची सुरुवात आफ्रिकेत झाली.

पावसाळ्यात ही बुरशी आतून एक लांब मुळासारखा देठ वर पाठवते. तो माती फोडून बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला छत्री उघडते. आपण खातो ती हीच.

मग पिकवत का नाहीत?

धिंगरी अळंबी भुशावर घरातही येते. टर्मिटोमायसीसची बुरशी प्रयोगशाळेत वाढते, पण वाळवीशिवाय तिची व्यापारी लागवड अजून कुणाला जमलेली नाही. त्यामुळं बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक रोयणीची अळमी कुठल्यातरी जिवंत वारुळावरून खुडलेली असते.

खरी गोम कळीत आहे

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे थवे येतात. त्यातल्या एखाद्या जोडीतून नवी वसाहत उभी राहते. पण टर्मिटोमायसीसच्या बहुतेक जातींच्या बाबतीत ही जोडी बुरशीचं बी सोबत नेत नाही. काही आठवड्यांनी पहिले कामकरी बाहेर पडतात आणि पालापाचोळ्याबरोबर हवेतून पडलेले बीजाणू घरी आणतात. नेमक्या त्याच सुमारास जुन्या वारुळांवर छत्र्या उघडून बीजाणू उधळत असतात. बीजाणू मिळाले नाहीत तर नव्या वसाहतीची शेती सुरूच होत नाही.

आणि बाजारात भाव कशाला? न उघडलेल्या कोवळ्या कळीला. म्हणजे बीजाणू सुटायच्या आधीच ती खुडली जाते.

इथं एक आक्षेप घेता येतो. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास ३० वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. अळंबी खुडल्यानं पुढच्या वर्षीचं पीक घटत नाही, उलट माती तुडवल्यानं घटतं, असं त्यात दिसलं. पण तो अभ्यास युरोपातल्या जंगलातल्या अळंब्यांचा. रोयणीच्या अळमीचा जीव वाळवीच्या वसाहतीत अडकलेला आहे. जुनं वारूळ कधीतरी मरणारच, आणि नवं उभं राहायला बीजाणू लागणारच. शिवाय घरं, रस्ते आणि खाणींसाठी जमीन सपाट होते तेव्हा वारूळच जातं. तिथं खुडणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवीची पूजा अनेक देवळांत वारुळाच्या रूपातच होते. देवीचं वारूळ कुणी फोडत नाही. अभयारण्यातली अळमी काढायला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचीही आडकाठी आहे.

एक सावधगिरी. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, किडे लागले असतील तर खाण्याजोगी, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ओळख पटवणंही धोक्याचं. वारुळावरच्या अळमींसारख्याच दिसणाऱ्या विषारी छत्र्या त्याच पावसात, त्याच गवतात उगवतात.