संसारातून नर्सिंगकडे : एक जुनी वाट

मिलादच्या जलशात स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की हजरत रुफैदा (रजि.) यांचं नाव हमखास येतं. इस्लाममधली पहिली नर्स, असं वक्ते सांगतात. समोरून सुब्हानल्लाह येतं आणि तकरीर पुढे सरकते. मला मात्र दरवेळी वाटतं, जरा थांबा, तो तंबू नीट पाहू द्या.

सन 627, खंदकची लढाई. हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताला बाण लागला. पैगंबर (स.) यांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितलं, म्हणजे जवळून विचारपूस करता येईल. हा तंबू होता मस्जिद-ए-नबवीच्या आवारात. त्याआधी, 625 मध्ये, उहुदच्या मैदानात उम्मे अम्मारा (रजि.) पाण्याची मशक घेऊन गेल्या होत्या. नवरा आणि दोन मुलं त्याच लढाईत होती. मुलगा जखमी झाला तेव्हा त्याच्या जखमेवर पट्टी त्यांनीच बांधली आणि वेळ आली तेव्हा हातात तलवारही धरली. उम्मे अतिया (रजि.) तर सात मोहिमांत सोबत गेल्या, मागे राहून स्वयंपाक करायचा आणि जखमींवर उपचार करायचे.

यांत संसार असलेल्या, लेकुरवाळ्या बायकाही होत्या, ही एक गोष्ट. दुसरी मला जास्त मोलाची वाटते. रुफैदांना समाजाच्या अगदी मध्यभागी जागा मिळाली होती. आपण त्यांच्या हिमतीचं कौतुक करतो. त्या जागेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

(शिक्षकी खोड म्हणून सांगते. उर्दूत या कामाला तीमारदारी म्हणतात; फारसीतला तीमार म्हणजे काळजी. मराठीत शुश्रूषा. तो संस्कृतातून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. रुग्णाचं ऐकून घेणं. दोन्ही भाषांना हे काम किती नेमकं कळलं होतं!)

आता तेराशे वर्षं ओलांडून पुण्यात येऊ, कारण घरातली बाई नर्स कशी होते याचा आपल्या मुलखातला महत्त्वाचा धडा तिथे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नर्सचं काम म्हणजे परक्या पुरुषाला हात लावणं, विटाळ, रात्रपाळी. हिंदू असो वा मुसलमान, ‘चांगल्या घरची’ बाई तिकडे फिरकत नसे. हिंदुस्थानातल्या नर्सेस बहुतेक ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन किंवा युरोपियन असत. मुंबईत 1908 मध्ये बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ आणि दयाराम गिडुमल हे सिंधी न्यायाधीश यांनी सेवासदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन उभं केलं.

रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, आणि घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत. मोठ्या वयात पाटी घेऊन बसण्याची लाज काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणूनच सेवासदनमध्ये प्रौढ बायकांसाठी वेगळे वर्ग निघाले. शिवणकाम, प्राथमिक शिक्षण, शिक्षिकेचं प्रशिक्षण असं सगळं आलं. आणि मग ज्या गोष्टीला पुण्यात नाकं मुरडली जात तीही झाली : सेवासदनच्या बायका नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये जाऊ लागल्या. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने केली.

सुरुवातीला या वाटेवर आलेल्यांत विधवा मोठ्या संख्येने होत्या. यामागचं कारण कडू आहे. विधवेला गमावण्यासारखं घरात काही उरलेलं नसे, म्हणून तिला बाहेर सोडायला घर तयार झालं. जिचा संसार चालू आहे तिच्यासाठी दार बंदच राहिलं. माझ्या मते आजही आपल्या मोहल्ल्यांत थोड्याफार फरकाने हाच नियम चालतो. नवरा गेला, तलाक झाला, की सगळे म्हणतात, बेटा काहीतरी कोर्स कर. त्याआधी कुणी म्हणत नाही.

देशाला मात्र नर्सेसची भयंकर गरज होती. भोर समितीचा अहवाल 1946 मध्ये आला, त्यात हिशोब होता : त्रेचाळीस हजार माणसांमागे एक नर्स. पुढच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाला एकसारखं रूप येऊ लागलं. पण शिकायला बायका आणायच्या कुठून? दहावी झालेल्या मुलीच मुळात थोड्या.

इथे दुर्गाबाई देशमुख येतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी लग्न, पुढे त्या लग्नातून बाहेर पडल्या, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगला आणि त्यानंतर बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक बाहेरून दिली. मद्रासच्या आंध्र महिला सभेत त्यांनी इतर बायकांनाही त्याच परीक्षेला बसवलं. केंद्रीय समाज कल्याण मंडळ 1953 मध्ये स्थापन झालं तेव्हा त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि 1958 मध्ये मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा सुटलेल्या बाईला दोनेक वर्षांत परीक्षेपर्यंत आणायचं, म्हणजे ती नर्स, सुईण, ग्रामसेविका, शिक्षिका होऊ शकेल. घरी बसलेली बाई ही वाया गेलेली विद्यार्थिनी नाही, तिला फक्त मधली काही वर्षं भरून द्यायची आहेत, असं सरकारी योजनेत लिहिलं जाणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आजचं चित्र काय? माझ्या वर्गातल्या मुलांच्या अम्मी पालकसभा संपली की मागे रेंगाळतात. मुलाची प्रगती विचारून झाली की हळूच स्वतःचं विचारतात. त्यांतल्या काही छोट्या खाजगी दवाखान्यांत कामाला आहेत. सलाईन बदलतात, बाळंतिणीजवळ रात्र काढतात, पेशंट त्यांना सिस्टर म्हणतो, पगार आयाचा मिळतो. हातात काम आहे, कागद नाही.

कागदाची वाट वयाने अडवली आहे. परिचर्या परिषदेच्या नियमांत एएनएम आणि जीएनएम या दोन्हींसाठी बारावी लागते आणि वयाची कमाल मर्यादा 35 आहे. आपल्याकडे बाईचं लग्न विशीच्या आसपास होतं, धाकटा शाळेत जायला लागतो तेव्हा ती तिशी ओलांडून गेलेली असते. म्हणजे घर जेव्हा तिला मोकळी करतं, नेमकं तेव्हाच कॉलेज दार लावून घेतं. पण त्याच नियमांत एक फट आहे : जी आधी एएनएम झाली आहे तिला जीएनएमसाठी वयाची अट नाही.

म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून देते. दहावी पास, वय 31. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी, कला शाखा चालते. बत्तिशी-तेहतिशीत बारावी. लगेच एएनएम, दोन वर्षं. त्यानंतर जीएनएमची तीन वर्षं कधीही. वय 34 असेल तर हा हिशोब बसत नाही, आणि तसं तोंडावर सांगावं लागतं. सासू मुलं सांभाळेल का, कॉलेज गावात आहे का, रात्रपाळीला सोडायला-आणायला कोण, हे प्रश्न हिशोबाच्या बाहेरचे. सेवासदनने राहण्याची सोय करून असलाच एक प्रश्न सोडवला होता. आपल्या किती अंजुमनांनी, किती जमातींनी मुलं सांभाळण्याची एखादी खोली काढली आहे? लग्नाचे हॉल मात्र पुष्कळ झाले.

आणि सगळ्यात आधी नावाचा घोळ. दहावीच्या मार्कशीटवर बापाचं नाव, आधारवर नवऱ्याचं, शाळेच्या दाखल्यात शेखचं शैख. दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करायला निकाहनामा जोडावा लागतो. तो उर्दूत, काझीसाहेबांच्या घाईच्या अक्षरात. कार्यालयात म्हणतात, मराठी भाषांतर आणा. गेल्या काही वर्षांत अशी बरीच भाषांतरं मी करून दिली आहेत. मेहेरची रक्कम, दोन गवाह, तारीख हिजरी आणि इसवी दोन्ही. व्यवसायाचा रकाना फक्त नवऱ्यासाठी असतो.