अफू : नफा, जहर आणि दवा

मागच्या वर्षी मामूंची बायपास ठरली. आदल्या रात्री नौपाड्यातल्या घरी आम्ही सगळे बसलो होतो. फार्मसी शिकणारा माझा पुतण्या समजावत होता, "मनगटातली धमनी काढून हृदयाला जोडतात. हात लावला की ती आक्रसते. म्हणून तिला पापाव्हेरिन लावतात. हे औषध मुळात अफूच्या बोंडातलं."

मामू दचकले. "अफू? मग हराम नाही का?"

पापाव्हेरिनने नशा चढत नाही, ते फक्त धमनीचे स्नायू सैल करतं. 1848 साली जर्मनीत जॉर्ज मर्क यांनी ते अफूतून वेगळं काढलं. आता ते बहुतेक कारखान्यातच तयार होतं. हे ऐकून मामू निश्चिंत झाले. मला मात्र झोप लागली नाही.

कारण अफू आपल्या मुंबईच्याही इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभाई होते, आणि त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद व कोकणी मुस्लिम व्यापारी महंमद अली रोगे. पारशी, जैन, मुसलमान, सगळ्यांनी मिळून नफा कमावला. चीनमध्ये घरं उद्ध्वस्त झाली. जमशेटजींच्या दानातून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय 1845 मध्ये सुरू झालं. पापाव्हेरिन सापडलं त्याच्या तीनच वर्षं आधी.

मनगटाच्या धमनीची कहाणीही अशीच वळणाची आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सचे शल्यविशारद आलँ कार्पांतिए यांनी ती बायपाससाठी वापरली. पण धमन्या आक्रसून बंद पडू लागल्या आणि पद्धत सोडून दिली गेली. पुढे 1989 मध्ये तपासणीत काही जुन्या रुग्णांच्या धमन्या उत्तम चालू दिसल्या. मग धमनी हळुवार काढणं आणि डिल्टियाझेमसारखी आकुंचन रोखणारी औषधं, यांच्या आधाराने ती पद्धत परत आली.

पूर्वजांचं दान आपण अभिमानाने सांगतो, पैसा कुठून आला ते गाळतो. वर्गात मी आता दोन्ही सांगतो. इब्न सीना यांनीही अफू दुखणं थांबवते हे लिहिलं, आणि जीव घेते हेही लिहिलं.

मामू आता रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारतात. मनगटावरचा लांब व्रण कुणी विचारला की हसून म्हणतात, "अफूची मेहरबानी!" मी त्यांना चीनची गोष्टही ऐकवतो.