पाणी घातलं की मरणारं झुडूप

तुळशीची कोवळी फांदी बोटांत फिरवली, की ती चौकोनी लागते. कॅलिफोर्नियातलं क्लीव्हलँड सेज याच कुळातलं. सॅन डिएगोच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणारं, निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप. एसा ग्रे यांनी १८७४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि सॅन डिएगोतले वकील, वनस्पती गोळा करणारे डॅनियल क्लीव्हलँड यांचं नाव त्याला दिलं.

नाव मिळालं, बागेत जागा मात्र मिळेना. लोकांना हवी होती हिरवळ. तिला पाणी कुठून आणायचं? लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये सुमारे ३७५ किलोमीटरवरच्या ओवेन्स खोऱ्यातून कालवा आणला. शहर हिरवं झालं. तिकडचं ओवेन्स सरोवर १९२६ पर्यंत जवळजवळ आटलं.

याच काळात, इंग्लंडहून आलेले थिओडोर पेन आपल्या रोपवाटिकेत रानातल्या झाडांचं बी विकत होते, याचं आम्हांला विशेष वाटतं. १९१५ मध्ये त्यांनी एक्स्पोझिशन पार्कच्या पाच एकरांत स्थानिक वनस्पतींच्या २६२ जाती लावून दाखवल्या.

सेज लावायचं ते शरदात, कारण तिथला पाऊस हिवाळी. पहिली एक-दोन वर्षं बेताचं पाणी, पुढे उन्हाळा कोरडाच. मायेनं घातलेलं उन्हाळी पाणीच त्याला भोवतं. उबदार, ओल्या मातीत मुळं कुजतात. म्हणून ते आपल्या अंगणात आणायची घाई नको. आपला पाऊस नेमका उबेतच येतो.