मधुमेह आणि श्वानांचें ऋण

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष पौर्णिमेस यात्रा भरते. तेथील गुरांचा बाजार ठाणें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. बैलाचे दांत, खूर व चाल पारखणारे जाणते शेतकरी तेथें जमतात. परंतु दाराशीं राखण करणारा कुत्रा वारंवार पाणी पिऊं लागला, भरपूर खाऊनहि वाळूं लागला, तर त्याची पारख कोण करतो? शहापूर-मुरबाडकडील खेड्यांत काय, किंवा मुंबईच्या चाळींत काय, 'म्हातारा झाला' एवढ्यावरच पुष्कळदां तें प्रकरण मिटतें. वास्तविक तो मधुमेह असूं शकतो. आणि या रोगाच्या इतिहासांत कुत्र्याचें स्थान फार मोठें आहे.

मधुमेही मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें चरकसंहितेस ठाऊक होतें. रोगाचें मूळ मात्र १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें उघड झालें. मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्याच्या मूत्रांत साखर उतरली. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं अशाच कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोंचून रक्तांतील साखर खालीं आणली. जानेवारी १९२२ मध्यें तो अर्क प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास देण्यांत आला. पुढें गुरें व डुकरें यांच्या स्वादुपिंडांपासून इन्शुलिन निघूं लागलें. डुकराच्या व कुत्र्याच्या इन्शुलिनाची घडण एकच असून मांजराची गाईच्या अगदीं जवळची आहे, हेंहि नंतर कळलें.

कुत्र्यास बहुधा जन्मभर, दर बारा तासांनीं, खाण्याबरोबर हें औषध टोंचावें लागतें. मांजरांत लठ्ठपणा हें मोठें कारण; वेळीं उपचार व योग्य आहार मिळाल्यास कांहीं मांजरें पुढें इन्शुलिनावांचूनहि राहतात. मात्रा पशुवैद्यानेंच ठरवावी. औषध थंड जागीं ठेवावें, पण गोठूं देऊं नये. जनावर झोकांड्या खाऊं लागल्यास साखर फार उतरली असें समजून हिरड्यांस मध चोळावा व तात्काळ पशुवैद्य गांठावा.

परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, त्यामुळें मुंबईकरांस हा आधार जवळचा आहे. आडगांवीं, जेथें घरांत शीतकपाट नाहीं, तेथें नित्याची टोंचणी सांभाळणें खरोखरच कठीण. परंतु वाढती तहान ओळखण्यास व मूत्र तपासून घेण्यास फारसा खर्च येत नाहीं. ज्या प्राण्यामुळें मनुष्यास हें औषध लाभलें, त्याच्याच वांट्यास तें सर्वांत शेवटीं यावें, हें मनुष्यास शोभत नाहीं.